दुसरं अर्धं

सकाळी आठ. उजव्या कुशीवर.

"वाचा, सिस्टर."

"आधी पाठ पुसू द्या."

"पाठ कुठं पळून जात नाही."

"वचनही पळून जात नाही, मास्तर."

ते हसले. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. दोन्ही डोळे काचबिंदूनं गेलेले, उजवी बाजू लुळी, वजन एकोणचाळीस किलो. हसले की अजून वर्गात उभे असल्यासारखे दिसायचे.

मी पाठ कोरडी केली, पावडर लावली, दोन गुडघ्यांमध्ये उशी सरकवली. भिंतीवर तक्ता मीच लावला होता. दर दोन तासांनी कूस बदलायची. उजवी, पाठ, डावी, पुन्हा उजवी. खिळलेल्या माणसाची एक पाळी चुकली की कातडी लाल होते, मग फोड येतो, मग जखम, आणि जखम हाडापर्यंत जाते. आमच्या वृद्धाश्रमात एकवीस म्हातारी माणसं होती. सतरा नंबरच्या खाटेवरच्या या माणसाची एकही पाळी मी चुकू दिली नव्हती.

मग मी खुर्चीवर बसले आणि वाचलं.

ते वचन लहान आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात देव म्हणतो की तू आईच्या पोटात होतास तेव्हापासून तुला मी उचलून घेतलंय. दुसरा भाग म्हातारपणाचा आहे, पिकलेल्या केसांचा. तो मी सांगणार नाही.

पहिला भाग वाचून मी पुस्तक मिटलं.

मास्तर थांबले. त्यांचे ओठ किंचित उघडे राहिले, डॉक्टर गोळी देणार असतील तसे.

"पुढे?"

"एवढंच आहे."

"पुढं आहे, सिस्टर."

"पान वाळवीनं खाल्लंय."

"काल तुम्ही म्हणालात, चष्मा विसरला."

"काल चष्मा विसरला होता. आज वाळवी आहे."

हा अकरावा दिवस होता. अकरा दिवस मी त्यांना रोज सकाळी अर्धं वचन देत होते. दुसरं अर्धं पदराखाली ठेवून.

मला त्या माणसाकडून एकच गोष्ट हवी होती. एक जागा. कुठं, एवढंच. डॉक्टर म्हणाले होते की दुसरा झटका येईल आणि तेव्हा वाचा जाईल. म्हणजे माझ्याकडे किती दिवस होते, कुणाला ठाऊक. पण मी सरळ विचारणार नव्हते. आधी त्यांनी मागायला हवं होतं. रोज मागायला हवं होतं, आणि रोज मिळायला नको होतं.

मागे कुणीतरी असंच मागितलं होतं, आणि त्यांनी

सकाळी दहा. पाठीवर.

दिलं नव्हतं. हो, तेच सांगत होते.

दानियल ओहोळ मास्तर. आमच्या गावच्या मिशनच्या शाळेत ते हेडमास्तर, रविवारी चर्चच्या मंडळीत पंच. पाळक महिन्यातून दोनदा यायचे, तेही दुसऱ्या गावाहून. एरवी मंडळी मास्तरांच्या शब्दावर चालायची. कोण प्रभुभोजनाला बसेल, कोणाचं लग्न लागेल, कोणाची कबर कुठं खणायची.

शाळेत त्यांचा एक नियम होता. तो दुसऱ्या कुठल्या शाळेत मी पाहिला नाही. वचन पाठ करायचं, पण स्वतःसाठी म्हणायचं नाही. मुलांना जोडीजोडीनं समोरासमोर उभं करायचे. "आशीर्वाद आपला आपण घ्यायचा नसतो," म्हणायचे. "शेजारच्यानं म्हणायचं, तुम्ही ऐकायचं." एकानं पहिलं अर्धं म्हणायचं, एक श्वास थांबायचं, मग दुसरं. दोन्ही झाली की ऐकणाऱ्यानं आमेन म्हणायचं. अर्ध्यावर आमेन नाही. कुणी घाईत अर्ध्यावर आमेन म्हटलं तर छडी.

मी त्यांची लाडकी. सुवार्ता पाटोळे, पहिलं बाकडं. माझा श्वास बरोबर जागेवर थांबतो, असं ते इन्स्पेक्टरला दाखवायचे.

अठराव्या वर्षी मला दिवस गेले. तो कोण, ते या गोष्टीत येणार नाही. तो तेव्हाही आला नव्हता.

पाचवा महिना लागला आणि पंच बसले. रविवारी उपासना संपल्यावर मला वेदीपुढं उभं केलं. आमच्याकडे याला शिस्त लावणं म्हणतात. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, आणि मधल्या वाटेवर मी, पोटावरून पदर घेऊन. मास्तरांनी ठराव वाचला. प्रभुभोजन बंद. मंडळीत बसायचं ते शेवटच्या रांगेत, दाराशी.

माझी आई बायकांच्या रांगेतून म्हणाली, "आणि पोटातल्याचं काय, मास्तर? त्यानं काय केलंय? तुम्हीच शिकवलंत ना, पोटातलं लेकरू देवानं उचललेलं असतं म्हणून?"

कुणीतरी खोकलं.

मास्तरांनी कागदाची घडी घातली. "ते वचन देवाच्या करारातल्या लेकरांचं आहे, रूथबाई," ते म्हणाले. "हे लेकरू त्यात धरता येणार नाही."

ठराव त्यांच्याच अक्षरात होता. मला दुरूनही ओळखू आलं, मी त्याच अक्षरावर गिरवायला शिकले होते.

आठव्या महिन्यात, बुधवारी सकाळी, मी घरीच बाळंत झाले. मुलगी. हाताच्या पंजाएवढं डोकं. ती रडली नाही, मांजराचं पिल्लू करतं तसा आवाज करत राहिली. आईनं तिला बघितलं आणि वहाणा न घालता मास्तरांकडे धावत सुटली. जगेल असं नव्हतं, निदान बाप्तिस्म्याचं पाणी मिळावं. अडीनडीला पंचानं पाणी घातलं तरी चालतं, हे आमच्यात सगळ्यांना माहीत असतं.

आई परत आली तेव्हा पाय रक्ताळले होते. "पाळक शनिवारी येतील, म्हणाले."

"तिला शनिवार ठाऊक नाही, आई."

"मी तेच म्हणाले गं."

दीड वाजेपर्यंत ती होती. मी तिला तबिता म्हणून हाक मारली. आईलाही ते ऐकू गेलं नसेल.

तीन वाजता मास्तर दोन माणसं घेऊन आले. आमच्याच पिवळ्या टॉवेलात गुंडाळलेली मुलगी त्यांनी बांबूच्या टोपलीत ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"कुठं नेता?" आईनं विचारलं.

"हद्दीबाहेर. ठराव आहे."

एवढंच. हद्दीबाहेर म्हणजे कब्रस्तानाच्या भिंतीपलीकडे. तिथं ओढ्यापर्यंत पडीक रान होतं आणि कुत्री होती. दहाव्या दिवशी उठता आलं तेव्हा मी गेले. भिंतीच्या कडेनं, खुरपं घेऊन. जिथं माती मऊ लागेल तिथं उकरलं. सातव्या खड्ड्यात हाड लागलं. मी ते पदरात घेऊन घरी आणलं. आईनं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "सुवा, हे कुत्र्याचं आहे."

मग मी गाव सोडलं. नर्स झाले. त्या कुत्र्याच्या हाडाला सव्वीस वर्षं झाली आणि एके दिवशी एक मुलगा, दुबईला असतो म्हणाला, आपल्या आंधळ्या बापाला आमच्या दारात उतरवून गेला. फॉर्मवर नाव होतं. मला नावाची गरज पडली नाही. म्हातारा खाटेवर टेकला आणि म्हणाला, "सिस्टर, इथं कुणी रोज वचन वाचून दाखवेल का?"

"मी दाखवेन," मी म्हणाले.

दुपारी बारा. डाव्या कुशीवर.

आमच्या स्वयंपाकघरात मालन होती. बत्तीस वर्षांची, गोंधळ्यांच्या घरातली, कपाळाला मोठं कुंकू, तोंडाला झाकण नाही. दुपारी पेज घेऊन आली की दारात उभी राहून माझं काम बघायची.

"ताई, त्या म्हाताऱ्याला एवढं न्हाऊमाखू घालता, बाप लागतो का तुमचा?"

"बाप असता तर एवढं केलं नसतं."

"मग काय लागतो?"

"पंच."

"पंच म्हंजी?"

"तुमच्यात देव अंगात येतो ना कुणाच्या? आमच्यात ठरावात येतो."

मालननं डोळे बारीक केले. ती अडाणी होती, पण बावळट नव्हती. "रोज सकाळी मी ऐकती भायेरून. प्वाटात व्हतास तवापासनं उचललंया, असं काहीतरी म्हनता. आन् गप बसता. म्हातारा पुढं इचारतो. तुमी न्हाई म्हनता. काय हाय पुढं?"

"वाळवी."

"हां. वाळवी तुमच्या प्वाटात हाय."

मास्तरांच्या काखेत हात घातला, दुसरा गुडघ्यांखाली, आणि त्यांना वर ओढून घेतलं. इतकं हलकं शरीर उचलायची एक पद्धत असते. आपली कंबर वाकवायची नाही, त्याचं डोकं आपल्या खांद्यावर येऊ द्यायचं. मास्तरांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. पांढरे केस माझ्या गालाला लागले.

"तुमचा देव उचलतो म्हनतो," मालन म्हणाली, "आन् उचलता तुमीच."

मास्तर खांद्यावरच हसले. "बाई, तुम्हाला माझ्या शाळेत घ्यायला हवं होतं."

"मला कोन घेतंय मास्तर, मी तुमच्या हद्दीत बसत न्हाई."

ती सहज बोलली होती. पण मास्तरांचं हसू गेलं. चांगला हात खाटेच्या कडेवर काहीतरी शोधत राहिला.

गुरुवारी आमच्या गावचे आताचे पाळक आले, सायमन अल्हाट. तरुण होते, मोटारसायकलवरून यायचे, म्हाताऱ्यांना पेढे आणायचे, ते साखरेचे पेशंट खाऊन टाकायचे आणि मला निस्तरावं लागायचं. मास्तरांच्या खाटेशी बसून त्यांनी प्रार्थना केली.

"काही हवंय, मास्तर? एखादं वचन म्हणू?"

मी पडद्यामागे औषधं लावत होते. माझा हात थांबला. आता हा माणूस तोंड उघडेल, मागेल, आणि माझे अकरा दिवस फुकट जातील.

"नको," मास्तर म्हणाले. "ते चालू आहे माझं."

बाहेर जाताना पाळक मला म्हणाले, "फार तयारीचा माणूस. तुम्हाला माहीत आहे, यांची कबर बांधून तयार आहे? बायको गेली तेव्हाच शेजारची बांधून घेतली, विटांची, वर शहाबादी फरशी. दगडावर नाव, जन्माचं साल. मृत्यूची जागा मोकळी. सत्तावीस वर्षं झाली. आम्हाला फक्त फरशी उचलायची."

"आणि भिंतीबाहेर?"

"काय?"

"भिंतीबाहेर काय आहे आता?"

"कब्रस्तान वाढवलंय तिकडे. जागा पुरेना." त्यांनी किक मारली. "पण जुन्या लोकांना अजून भिंतीच्या आतलीच हवी असते. बाहेरच्याला ते परकं समजतात."

दुपारी दोन. उजव्या कुशीवर.

थांबा. ही कूस मला नेहमी अवघड जाते.

हं.

बाराव्या दिवशी वाचनाची वेळ मीच दुपारवर ढकलली. सकाळभर त्यांना वाट बघू दिली. दोन वाजता त्यांना वळवलं, उशा लावल्या आणि खुर्ची ओढली. पहिलं अर्धं वाचलं. थांबले.

या वेळी त्यांनी "पुढे" म्हटलं नाही.

"श्वास बरोबर जागेवर थांबतो," ते म्हणाले. "अजूनही."

पंख्याचा आवाज येत होता. मी पुस्तकाची कड घट्ट धरली.

"कधी ओळखलंत?"

"पहिल्याच दिवशी. अर्ध्यावर थांबणारी म्हणजे माझ्या शाळेतली. आणि पुढचं मला न देणारी एकच असू शकते." त्यांनी आंधळे डोळे माझ्या दिशेनं वळवले, थोडे चुकीच्या जागी. "सुवार्ता. पोरी."

"पोरी म्हणू नका."

"बरं."

"पाळक आले होते. त्यांना का नाही सांगितलंत? त्यांनी सगळं म्हटलं असतं."

"शिस्त ज्यानं लावली त्यानंच उठवायची असते. तू लावलीस. पाळकांनी कशी उठवायची?"

मी हसले. मला आठवतंय, मी मोठ्यानं हसले, शेजारच्या खाटेवरच्या आजी जाग्या झाल्या. बारा दिवस मी या माणसाला छळते असं मला वाटत होतं, आणि हा बारा दिवस शिस्तीत बसला होता. शेवटच्या रांगेत. दाराशी.

"माझी कुणी उठवली?" मी विचारलं.

"कुणीच नाही. पंचांपैकी आता मी एकटाच उरलोय." त्यांचा डावा हात वर आला, आशीर्वादाला येतो तसा. "मी उठवतो."

"हात खाली घ्या."

"सुवार्ता..."

"मला तुमचं उठवणं नकोय. मला जागा हवीय. कुठं ठेवलंत तिला?"

हात खाली गेला.

"सांगा. सांगितलंत तर पुढचं वाचीन. केस पिकलेल्यांचं."

"तू वाचणार नाहीस."

"तुम्ही सांगून तर बघा."

लुळ्या बाजूनं लाळ आली. मी रुमालानं पुसली, सवयीनं.

"ऊन फार होतं," ते म्हणाले. "त्या दोघांना मी भिंतीपाशी थांबवलं. म्हटलं, बाहेर मी पाहतो, तुम्ही जा. ते गेले. त्यांनाही तेच हवं होतं. मी भिंतीपलीकडे गेलो. टोपली खाली ठेवली. पहार होती हातात. तीन घाव घातले. कुत्री लांबून बघत होती. दोन. एक पांढरी." ते थांबले. "मग टोपली उचलली आणि आत आलो."

"आत कुठं?"

"माझ्या कबरीची फरशी पहारीनं उचलली. अठ्ठावन्न वर्षांचा होतो, जोर होता अंगात. तिला आत ठेवलं. फरशी बसवली. पाण्यानं सांध धुतली, माती दिसू नये म्हणून."

माझ्या डोळ्यांपुढं तो दगड आला. गावात असताना मी कितीदा त्याच्यावरून गेले होते. सात खड्डे उकरायला जाताना त्याच वाटेनं गेले होते, खुरपं घेऊन. तो दगड माझ्या डाव्या हाताला होता.

"काही म्हणालात तिथं?"

"वचन म्हणालो."

"कुठलं?"

"तेच."

"करारातल्या लेकरांचं?"

"हो."

"किती म्हणालात?"

"अर्धं. पहिलं. दुसरं तिच्या वयाचं नव्हतं."

"आमेन कुणी म्हटलं?"

त्यांनी मान हलवली. कुणी नाही.

मी उठले. खिडकीपाशी गेले, परत आले. हातात काहीतरी हवं होतं म्हणून पाण्याचा तांब्या उचलला आणि परत ठेवला.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"ठराव होता."

"कुणी लिहिला होता?"

"मी."

"मग तुम्ही मोडलात तो."

"मोडला. पण मोडलेला दिसला असता तर... मंडळी होती, सुवार्ता. सगळे बघत होते. पुढचा ठराव कुणी पाळला असता?"

"माझी आई दोन वर्षांनी गेली. मरताना विचारत होती, कुत्र्यांनी उकरली असेल का गं. शेवटचं वाक्य तिचं. तुम्ही तिच्या दफनाला होतात. प्रार्थना तुम्ही केलीत. तिच्या कानात सांगता आलं असतं. कुणी ऐकलं नसतं, मास्तर. ती तर मेलीच होती."

ते रडत होते. आंधळ्या डोळ्यांतून पाणी येतं, हे लोकांना माहीत नसतं. मी ते पुसलं नाही.

"नाव काय तिचं?" त्यांनी विचारलं. "तिथं म्हणायला नाव नव्हतं माझ्याकडे."

"ते मी तुम्हाला देणार नाही," मी म्हणाले.

दुपारी चार. पाठीवर.

चार वाजता त्यांना पाठीवर घेतलं. हातपाय सरळ केले, टाचांखाली मऊ कापड ठेवलं. ते वाट बघत होते. सौदा झाला होता आणि त्यांच्या बाजूचं त्यांनी पुरं केलं होतं.

मी पुस्तक उघडलं. पहिलं अर्धं वाचलं, सावकाश, इन्स्पेक्टरपुढं वाचायचे तसं. एक श्वास थांबले. त्यांचे ओठ उघडले. आमेन तिथं तयार होतं, मला दिसत होतं, जिभेच्या टोकावर.

मी पुस्तक मिटलं.

"एवढंच आहे," मी म्हणाले.

त्यांनी ओठ मिटले. चिडले नाहीत. मान हलवली, वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर बरोबर आलं की हलवायचे तशी. त्या मान हलवण्याचा मला अजून राग आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी झटका आला. वाचा गेली. त्यानंतर चार दिवस होते. चारही दिवस ओठ हलायचे, आवाज नसायचा. मी दर दोन तासांनी कूस बदलली, पाठ पुसली, चमच्यानं पाणी दिलं. खुर्चीवर बसले नाही. गेले तेव्हा मी आणि मालननं त्यांना आंघोळ घातली. अंगावर एकही फोड नव्हता.

"आता तरी म्हना की पुढचं," मालन म्हणाली. "गेला की तो."

"मेलेल्याला आमेन म्हणता येत नाही."

गावाला मी पाळकांच्या आधी पोचले. कब्रस्तानात माणसं जमली होती, पहारी घेऊन. दगड तसाच होता. दानियल संतोजी ओहोळ, जन्माचं साल, पुढं मोकळी जागा.

"थांबा," मी म्हणाले. "ही जागा भरलेली आहे."

त्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. मी पाळक सायमनना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ठराव, बुधवार, पिवळा टॉवेल. त्यांनी दोघांना फरशी उचलायला लावली. आत कोपऱ्यात बांबूच्या काड्या काळ्या पडून पसरल्या होत्या. मधे मूठभर काहीतरी. आणि कापडाचा एक काठ, अजून पिवळा.

एका म्हाताऱ्यानं टोपी काढली.

पाळक हळूच म्हणाले, "सुवार्ताबाई, मास्तरांनी तिला आपली जागा दिली. सव्वीस वर्षं जपली. दोघांना एकत्र ठेवू. देवानं एकत्र उचललेत असं समजू."

"नाही."

"विचार करा."

"सव्वीस वर्षं केलाय. यांना हद्दीबाहेर न्या."

"बायकोशेजारी जायचं होतं त्यांना."

"मलाही तिच्याशेजारी बसायचं होतं."

मुलगा दुबईहून पोचला नव्हता. हो की नाही म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. पाळकांनी खूप वेळ त्या पिवळ्या काठाकडे पाहिलं आणि मग माणसांना खूण केली. मास्तरांना जुन्या भिंतीपलीकडे, नव्या भागात, ओढ्याच्या बाजूला पुरलं. पाळकांनी तिथं ते वचन पूर्ण म्हटलं, दोन्ही अर्धी. लोकांनी आमेन म्हटलं. मी भिंतीच्या आतच उभी होते.

पुढच्या आठवड्यात गवंडी बोलावला. त्या दगडाचं तोंड फिरवलं. मास्तरांचं नाव आत गेलं, मातीकडे. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर तबिता कोरलं. खाली एकच तारीख, दोनदा.

"वचन घालायचं का खाली?" गवंड्यानं विचारलं.

"अर्धं," मी म्हणाले.

संध्याकाळी सहा. डाव्या कुशीवर.

तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. आता सत्तर.

कंबर मोडली त्याला सात महिने झाले. सतरा नंबरची खाट नाही, नऊ नंबरची. पण तक्ता तोच आहे, माझ्याच अक्षरातला, मालननं प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेला. आज सकाळी आठपासून तीच मला वळवते आहे. उजवी, पाठ, डावी. बोलता बोलता मधे तुटलं असेल तर तिचा दोष. ती वाक्य संपायची वाट बघत नाही, घड्याळ बघते. स्वयंपाकघर तिनं सुनेला दिलं. डोक्यावर एक काळा केस उरलेला नाही तिच्या, कुंकू मात्र तेवढंच.

माझे केस कधीच पिकले.

मला वचन पाठ आहे, पूर्ण. पण आपलं आपण म्हणायचं नसतं. पाळक सायमन मागच्या वर्षी गेले. नवे पाळक ऑनलाइन प्रार्थना पाठवतात, ती माझ्या फोनवर उघडत नाही.

आत्ता मालननं माझ्या काखेत हात घातला. माझं डोकं तिच्या खांद्यावर आलं.

"हलक्या झाल्या ताई तुमी. त्या म्हाताऱ्यावानी."

"बोलू नकोस. वळव."

तिनं वळवलं. उशी लावली. पाठ पुसायला लागली. मग माझ्या पाठीशी, मला तिचं तोंड दिसत नव्हतं, तिनं म्हणायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. प्वाटात व्हतास तवापासनं. सव्वीस वर्षांपूर्वी दाराबाहेर उभी राहून जेवढं ऐकलं तेवढं, माझ्याच लयीत, माझ्याच जागी एक श्वास घेऊन.

आणि थांबली.

मी वाट पाहिली. माझे ओठ उघडे होते, मला कळत होतं.

"पुढे?" मी म्हणाले.

"पुढचं मला कुठं ठावं, ताई? तुमी कधी म्हनलाच न्हाई." तिचा हात माझ्या पाठीवर थांबला. "काय हाय पुढं? सांगा की. शिकते. उद्या म्हनते तुमच्यासाठी."

बाहेर सुनेनं कुकरची शिट्टी काढली. मालन वाट बघत होती. तिला शिकवायला एक मिनिट पुरलं असतं.

"काही नाही," मी म्हणाले. "एवढंच आहे."